अनपेक्षित कारणे सांगणारी अर्थशास्त्राची पुस्तके कशी वाचावीत?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. रोजच्या व्यवहारांमागची अनपेक्षित कारणे उलगडणारी अर्थशास्त्राची लोकप्रिय पुस्तके महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या हाती द्यावीत का, आणि त्यांतले दावे कितपत खरे मानावेत? पहिल्या भागाला माझे उत्तर निःसंकोच ‘होय’ असे आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र दाव्यागणिक बदलते. एकाच पुस्तकात एक दावा अतिशय भक्कम असतो, दुसरा वादग्रस्त असतो आणि तिसरा काही वर्षांत मागे घ्यावा लागतो, पण तिन्ही सारख्याच आत्मविश्वासाने सांगितलेले असल्यामुळे वाचकाला फरक कळत नाही. सर्वेक्षणांची आकडेवारी हाताळणे आणि ती हाताळायला शिकवणे हा माझा व्यवसाय आहे. हा फरक ओळखण्यासाठी मी वर्गात एकच प्रश्न विचारायला सांगतो: हे कारण खरे असेल, तर त्याखेरीज आणखी काय दिसायला हवे? पुढचे सगळे विवेचन या प्रश्नाभोवतीच आहे.

या प्रकारच्या पुस्तकांची लाट आली ती प्रामुख्याने 2005 साली प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रीकॉनॉमिक्स’पासून. शिकागो विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेविट आणि पत्रकार स्टीफन डबनर यांनी ते मिळून लिहिले. चलनवाढ, व्याजदर, व्यापारतूट यांपैकी काहीही त्यात नाही. शाळेतील शिक्षक, सुमो मल्ल, घरांचे दलाल आणि अमली पदार्थ विकणाऱ्या टोळ्या हे त्याचे विषय आहेत, आणि माणसे कोणत्या लाभाकडे पाहून वागतात हे आकडेवारीतून शोधता येते, हा त्याचा गाभा आहे. अर्थशास्त्र म्हणजे केवळ पैशाचे शास्त्र नव्हे, ही गोष्ट सामान्य वाचकाला पटवून देण्याचे श्रेय या पुस्तकाला द्यायलाच हवे.

त्यातले सुमोचे प्रकरण मी विद्यार्थ्यांना सर्वांत आधी वाचायला देतो. वरिष्ठ गटातील प्रत्येक मल्लाच्या एका स्पर्धेत पंधरा लढती होतात. त्यांपैकी आठ जिंकल्या तर त्याचे स्थान टिकते किंवा वर जाते, न जिंकल्या तर घसरते. शेवटच्या दिवशी सात विजय आणि सात पराभव पदरी असलेला मल्ल जेव्हा आठ विजय आधीच मिळवलेल्या मल्लासमोर उभा राहतो, तेव्हा पहिल्याचे सर्व काही पणाला लागलेले असते आणि दुसऱ्याचे फारसे काही जाणार नसते. या दोघांच्या पूर्वीच्या लढती पाहता पहिल्याने अशा 48.7 टक्के लढती जिंकायला हव्या होत्या. प्रत्यक्षात त्याने 79.6 टक्के जिंकल्या होत्या. एवढ्यावरून लढती ठरवून होतात असे म्हणता येत नाही, कारण गरज असलेला मल्ल जीव तोडून लढला म्हणूनही जिंकू शकतो. म्हणून लेविट आणि त्यांचे सहकारी मार्क डगन यांनी पुढची पायरी घेतली. कारण जिद्द असेल, तर हेच दोन मल्ल पुढच्या वेळी समोरासमोर येतात तेव्हा निकाल नेहमीसारखे, म्हणजे जवळपास निम्मे निम्मे लागायला हवेत. कारण उपकाराची परतफेड असेल, तर आधीच्या विजेत्याने पुढची लढत नेहमीपेक्षा जास्त वेळा हरायला हवी. आकडेवारीत दुसरी गोष्ट दिसली: पुढच्या लढतीत त्याचे विजयाचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवर घसरलेले होते. हा शोधनिबंध 2002 सालचा. पुढे 2011 मध्ये जपानी पोलिसांना दुसऱ्याच एका तपासात मल्लांच्या मोबाइलमध्ये लढती ठरवल्याचे संदेश सापडले आणि सुमो संघटनेला त्या वर्षीची मार्चमधली ओसाका येथील स्पर्धा रद्द करावी लागली. आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष इतक्या स्वतंत्र पुराव्याने खरा ठरणे ही आमच्या क्षेत्रातील दुर्मीळ घटना आहे.

शिकागोतील शिक्षकांचे प्रकरणही याच जातीचे आहे. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांमध्ये शिक्षकच फेरफार करतात का, हे शोधण्यासाठी एकाच वर्गात ओळीने सारखी उत्तरे कुठे येतात आणि एका वर्षी अचानक वाढलेले गुण पुढच्या वर्षी कुठे कोसळतात, हे तपासले गेले. दरवर्षी चार ते पाच टक्के वर्गांत गैरप्रकार होत असावा, असा अंदाज निघाला. 2002 साली संशयित वर्गांची देखरेखीखाली फेरपरीक्षा घेतली तेव्हा त्यांचे गुण घसरले, आणि चांगले शिक्षक म्हणून निवडलेल्यांच्या वर्गांचे गुण टिकले. सुमो आणि शिक्षक या दोन्ही प्रकरणांत दावा आहे तो ‘इथे काहीतरी लपवले जात आहे’ एवढाच. असा दावा तपासायला तुलनेने सोपा असतो. दोन मोठ्या सामाजिक घटनांचा वीस वर्षांच्या अंतराने एकमेकींशी कार्यकारणसंबंध जोडणारा दावा हे वेगळ्या तोलामोलाचे काम आहे, आणि वाचकाने सर्वाधिक सावध राहावे ते तिथे.

त्याच पुस्तकातील सर्वांत गाजलेला दावा नेमका असा आहे. अमेरिकेत 1990 च्या दशकात गुन्हेगारी झपाट्याने घटली. जॉन डोनोह्यू आणि लेविट यांनी 2001 च्या शोधनिबंधात असे मांडले की, अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या 1973 च्या ‘रो विरुद्ध वेड’ निकालाने गर्भपात कायदेशीर झाल्यामुळे नको असताना जन्मणाऱ्या आणि खडतर परिस्थितीत वाढणाऱ्या मुलांची संख्या कमी झाली, आणि गुन्हेगारीतील घटीचा निम्म्यापर्यंतचा भाग यातून आला असावा. इथेही त्यांनी ‘आणखी काय दिसायला हवे’ हा प्रश्न विचारला होता. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया यांसारख्या पाच राज्यांत गर्भपात 1970 च्या सुमारासच कायदेशीर झाला होता. त्यामुळे तिथे गुन्हेगारी आधी घटायला हवी होती, आणि ती घटल्याचे त्यांनी दाखवले. परंतु 2005 च्या अखेरीस बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील क्रिस्टोफर फूट आणि क्रिस्टोफर गेट्झ यांनी मूळ गणिते पुन्हा केली, तेव्हा एका महत्त्वाच्या तक्त्यासाठी जी चले समाविष्ट केल्याचे निबंधात लिहिले होते ती संगणकाच्या आज्ञावलीत नव्हतीच, असे आढळले. शिवाय लोकसंख्येच्या प्रमाणात अटकेचा दर घेण्याऐवजी अटकेची एकूण संख्या घेतली होती. दोन्ही गोष्टी दुरुस्त केल्यावर त्या तक्त्यातील परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. लेखकांनी चूक मान्य केली, अधिक चांगली मोजमापे वापरली आणि परिणाम काहीसा कमी झाला तरी टिकतो असे सांगितले. नंतरच्या वर्षांची आकडेवारी घेऊन त्यांनी 2019 साली तोच निष्कर्ष पुन्हा मांडला. दुसरीकडे, मुलांच्या मेंदूला अपाय करणारे पेट्रोलमधील शिसे बंद झाल्याचा परिणाम हे एक पर्यायी कारण इतर संशोधक पुढे करतात, आणि पोलिसांची वाढलेली संख्या व तुरुंगवासाचे वाढलेले प्रमाण ही कारणे तर स्वतः लेविट यांनीच 2004 च्या लेखात गर्भपाताच्या जोडीने मांडली आहेत. माझे मत असे आहे की हा सिद्धांत बाद झालेला नाही, पण ‘निम्मी घट’ हा आकडा कोणी ठामपणे उद्धृत करू नये.

आता ज्या उदाहरणाशी आपला थेट संबंध आहे आणि ज्याबद्दल मला मनापासून आस्था आहे, त्याकडे येतो. अमर्त्य सेन यांनी 1990 साली एक लेख लिहून दाखवले की, आशिया आणि उत्तर आफ्रिकेतील स्त्री-पुरुष प्रमाण पाहता दहा कोटींहून अधिक स्त्रिया ‘हरवलेल्या’ आहेत, म्हणजे समान वागणूक मिळाली असती तर त्या आज जिवंत असत्या. या आकड्यामागे उपेक्षा, कुपोषण, औषधपाण्यातील भेदभाव आणि पुढे गर्भलिंगनिदान आहे, हे सर्वमान्य होते. 2005 साली एमिली ऑस्टर या तरुण अमेरिकी संशोधिकेने एका प्रतिष्ठित नियतकालिकात अगदी वेगळे कारण मांडले. हिपॅटायटिस-बी या विषाणूचा संसर्ग असलेल्या आईवडिलांना मुलगे अधिक होतात असे काही लहान वैद्यकीय अभ्यासांत दिसले होते आणि आशियात हा संसर्ग व्यापक आहे. त्यावरून हरवलेल्या स्त्रियांपैकी सुमारे 45 टक्के स्त्रिया मुळात जन्मल्याच नव्हत्या, आणि त्याला भेदभाव नव्हे तर जीवशास्त्र कारणीभूत आहे, असे त्यांचे गणित सांगत होते. चीनमध्ये हे प्रमाण सुमारे 75 टक्के आणि भारतीय उपखंडात 20 टक्क्यांहून कमी निघत होते. ‘फ्रीकॉनॉमिक्स’च्या लेखकांनीही त्याच वर्षी एका लेखात या संशोधनाची कौतुकाने ओळख करून दिली. निष्कर्ष अनपेक्षित होता, गणित नेटके होते आणि एका भयंकर सामाजिक वास्तवाला निर्दोष स्पष्टीकरण मिळत होते. वाचकाला यापेक्षा अधिक आकर्षक काही असू शकत नाही.

मात्र आपला प्रश्न इथे विचारून पाहा. विषाणू हे कारण असेल, तर मुलग्यांचे जास्त प्रमाण कोणत्या जन्मांत दिसायला हवे? विषाणूला घरात आधी मुलगी आहे की मुलगा, हे कळत नाही. त्यामुळे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, सगळ्याच अपत्यांत प्रमाण सारखेच झुकलेले दिसायला हवे. मोनिका दासगुप्ता या लोकसंख्याशास्त्रज्ञ विदुषींनी 2005 मध्येच नेमका हा मुद्दा मांडला: चीनमध्ये पहिल्या अपत्यांत प्रमाण जवळपास नैसर्गिक आहे, आणि ते बिघडते ते ज्या घरात आधी मुली झाल्या आहेत तिथे. भारताबद्दल 2006 साली प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी 11 लाख कुटुंबांच्या पाहणीवरून जे दाखवले ते याहून बोलके आहे. पहिली मुलगी असेल तर दुसऱ्या वेळी हजार मुलग्यांमागे 759 मुली, आणि पहिल्या दोन्ही मुली असतील तर तिसऱ्या वेळी 719. आधी मुलगे असलेल्या घरांत मात्र पुढच्या अपत्यांत मुलींची संख्या हजाराच्या वरच होती. हा विषाणूचा नव्हे, निवडीचा ठसा आहे.

यानंतर तैवानमधील सुमारे तीस लाख जन्मांच्या नोंदींचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. आई संसर्गित असल्यास मुलगा होण्याची शक्यता अवघ्या पाव टक्काबिंदूने वाढते, असे त्यात आढळले. त्याच वर्षी खुद्द ऑस्टर यांनी सहकाऱ्यांसह चीनमधील नवी माहिती गोळा केली आणि हिपॅटायटिस-बीमुळे चीनमधील विषम प्रमाणाचे स्पष्टीकरण मिळत नाही, असे स्वतःच्या नावाने लिहून प्रसिद्ध केले. स्वतःच्या सर्वांत गाजलेल्या निष्कर्षाची स्वतःच नव्याने तपासणी करून तो मागे घेणे, याला शास्त्रीय सचोटी म्हणतात, आणि विद्यार्थ्यांना मी हे दोन्ही निबंध एकाच आठवड्यात वाचायला लावतो.

महाराष्ट्रातील वाचकाला या प्रकरणातून आणखी एक गोष्ट उमगावी. मुंबईतील स्त्री-संघटना, डॉक्टर आणि कार्यकर्ते यांच्या रेट्यामुळे गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा 1988 साली याच राज्याने केला. केंद्राचा कायदा 1994 सालचा. तरीही शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या राज्यात 2001 मध्ये 913 होती ती 2011 मध्ये 894 झाली, आणि बीड जिल्ह्यात ती 807 पर्यंत खाली आली. पहिली मुलगी झाल्यावर दुसऱ्या वेळी ‘तपासून घ्या’ असा सल्ला ज्या घरांत कानावर पडतो, त्या घरांजवळ राहिलेल्या माणसाने आकडेवारी उघडताच पहिला प्रश्न ‘कितवे अपत्य?’ हाच विचारला असता. विषयाची अशी जवळून माहिती असणे आणि गणित येणे या दोन्ही गोष्टी लागतात. लोकप्रिय पुस्तकांत दुसरीचे कौतुक फार होते आणि पहिलीचे फारच कमी.

भारताशी संबंधित दुसरे एक उदाहरण 2009 च्या ‘सुपरफ्रीकॉनॉमिक्स’ या पुढच्या पुस्तकात आहे, आणि ते मला बरेच अधिक विश्वासार्ह वाटते. रॉबर्ट जेन्सन आणि याच एमिली ऑस्टर यांनी बिहार, गोवा, हरियाणा, तमिळनाडू आणि दिल्ली येथील ग्रामीण कुटुंबांच्या 2001 ते 2003 या काळातील पाहणीचा आधार घेतला. ज्या गावांत या अवधीत केबल टीव्ही आला, तिथल्या स्त्रियांच्या उत्तरांत नवऱ्याने मारहाण करणे योग्य मानण्याचे आणि मुलगाच हवा असण्याचे प्रमाण घटले आणि घरातील निर्णयांतला त्यांचा सहभाग वाढल्याचे दिसले. केबल नेहमी सधन आणि पुढारलेल्या गावांत आधी येते ही शंका इथे लगेच उभी राहते. पण तसे असते तर केबल येण्याआधीही या गावांची दिशा वेगळी असायला हवी होती, आणि बदल नेमका केबल आल्यानंतर दिसतो. राहते ती दुसरी शंका, आणि ती खरी आहे: स्त्रियांचे आयुष्य बदलले की पाहणी करणाऱ्याला काय उत्तर द्यायचे याची समज बदलली? मालिकांतील शहरी घरे पाहून ‘बरोबर’ उत्तर कोणते, हे कळू शकते. जन्मदर आणि मुलींचे शाळेत जाणे यांवरही परिणाम आढळल्यामुळे ही शंका काही अंशी दूर होते, पूर्णपणे नाही. यावरून दिशा मान्य करावी, पण टीव्ही म्हणजे स्त्रीमुक्तीची योजना असा अर्थ कोणी काढू नये.

काही वेळा संशोधन उत्तम असते आणि त्याचे सांगोवांगी झालेले रूप चुकीचे असते. इस्रायलमधील हैफा शहरातील दहा पाळणाघरांचा प्रयोग याचा नमुना आहे. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना सहा पाळणाघरांत दहा शेकेल दंड लावला, तर उशीर करणाऱ्यांची संख्या जवळपास दुप्पट झाली, आणि दंड रद्द केल्यावरही ती खाली आली नाही. युरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांचा हा निबंध 2000 सालचा आहे. त्यावरून ‘दंडाने माणसे सुधारत नाहीत’ असे सर्रास सांगितले जाते. निबंध तसे म्हणत नाही. महिन्याची फी सुमारे चौदाशे शेकेल असताना दंड दहाच शेकेलचा होता, त्यामुळे पालकांनी तो उशिराच्या सेवेचा दर मानला आणि शिक्षिकांना ताटकळत ठेवल्याची जी लाज वाटत होती ती गेली. दंड जबर असता तर काय झाले असते, हे या प्रयोगाने तपासलेलेच नाही.

याशिवाय वाचकाने निवडीचा परिणाम कायम ध्यानात ठेवावा. शंभर संशोधनांपैकी नव्वदांचे निष्कर्ष अपेक्षित असतील, तर त्यांच्यावर कोणी लोकप्रिय पुस्तक लिहीत नाही. पुस्तकात येतात ती उरलेली, आणि योगायोगाने किंवा चुकीने चमकदार दिसणारे निष्कर्ष त्यांच्यातच अधिक असतात. 2016 साली प्रायोगिक अर्थशास्त्रातील अठरा निवडक प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा अकरांचेच निष्कर्ष पुन्हा आले. फॉर्मच्या शेवटी सही घेण्याऐवजी सुरुवातीला घेतली तर माणसे अधिक प्रामाणिकपणे माहिती भरतात, हा 2012 चा बहुचर्चित निष्कर्ष मूळ आकडेवारीच विश्वसनीय नसल्याचे आढळल्यामुळे 2021 मध्ये मागे घेण्यात आला.

मग अनपेक्षित आणि तरीही भक्कम असे काही असते का? असते, आणि ते बहुधा प्रत्यक्ष प्रयोगातून येते. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या 2011 च्या ‘पुअर इकॉनॉमिक्स’मध्ये राजस्थानातील उदयपूर जिल्ह्याचे उदाहरण आहे. तिथे बालकांचे लसीकरण पूर्ण का होत नाही, याबद्दल अविश्वास, अंधश्रद्धा, अज्ञान अशी नेहमीची कारणे दिली जात. ‘सेवा मंदिर’ या संस्थेबरोबर केलेल्या प्रयोगात चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने गावे निवडली. काही गावांत काहीच बदल केला नाही, काहींत ठरलेल्या दिवशी खात्रीने भरणारी लसीकरण शिबिरे सुरू केली, आणि काहींत शिबिराबरोबर प्रत्येक लशीमागे एक किलो डाळ आणि लसीकरण पूर्ण झाल्यावर स्टीलच्या थाळ्यांचा संच दिला. पूर्ण लसीकरणाचे प्रमाण अनुक्रमे 6, 18 आणि 39 टक्के आले. खोलवर रुजलेली अश्रद्धा किलोभर डाळीने जात नाही. तेव्हा मुख्य अडचण श्रद्धेची नसून ‘आज नको, पुढच्या वेळी पाहू’ या चालढकलीची होती, असे मानायला जागा आहे. आणखी अनपेक्षित गोष्ट अशी की डाळ देऊन एका बालकाचे लसीकरण पूर्ण करण्याचा खर्च डाळ न देता होणाऱ्या खर्चाच्या निम्मा होता, कारण परिचारिकेचा पगार तेवढाच राहून शिबिराला येणारी मुले वाढली. मुंबई आणि वडोदरा येथे ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी उपक्रमाचे मूल्यमापनही याच पद्धतीने झाले आहे. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच तरुणींनी रोज दोन तास वेगळे शिकवल्यावर गुण स्पष्टपणे वाढले. मुंबई आपल्या राज्यातली असल्यामुळे ते विद्यार्थ्यांना लगेच जवळचे वाटते.

विद्यार्थ्यांसाठी क्रम विचारलात तर आधी सुमो आणि शिक्षकांची प्रकरणे द्या, मग उदयपूर आणि बालसखी, आणि गर्भपात व गुन्हेगारीचे प्रकरण 2005 च्या टीकेसह सगळ्यांत शेवटी. हिपॅटायटिसच्या प्रकरणासाठी मात्र पुस्तकाची गरज नाही. फळ्यावर विषाणूचा सिद्धांत मांडा, तो खरा असेल तर आणखी काय दिसायला हवे हे विद्यार्थ्यांना आपापल्या वहीत लिहू द्या, आणि सगळ्यांचे लिहून झाल्यावरच 759 आणि 719 हे आकडे सांगा.